पेशंटच्या शब्दांत

"लई उलघाल व्हायली माय," अकरा नंबरचे आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या दंडावरचा बीपीचा पट्टा फुगवता फुगवता माझी मूठ थांबली. पट्ट्यातली हवा बारीक आवाज करत निघून गेली. तबकडीवरचा काटा उलटा फिरत शून्याशी येऊन पडला. "परत घेते हं बाबा," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं मला नवल वाटलं. मी पुन्हा फुगा दाबायला लागले, पण कानांत स्टेथोस्कोप असूनही ठोके ऐकू येईनात. तो शब्दच ऐकू येत होता, त्याच्या शेपटीला लागलेल्या 'व्हायली'सकट.

सकाळचे नऊ वाजत आले होते. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातल्या चादरी बदलून झाल्या होत्या, पुसलेली फरशी अजून वाळायची होती, आणि खिडकीबाहेर नव्या विमानतळावरून उठलेलं विमान इतकं सावकाश चढत होतं की कुणीतरी ते तिथे टांगून ठेवल्यासारखं वाटावं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या आम्हा मुलींना वॉर्डात येऊन सहा आठवडे झाले होते. मुली म्हणायचं, मी पस्तीस वर्षांची आहे. माझ्याबरोबरची सोनम अठराची. दोघींचा गणवेश एकच, आकाशी, पण पेशंट तिला 'सिस्टर' म्हणतात आणि मला 'मावशी', कारण इस्पितळात जरा पिकलेल्या केसांची बाई दिसली की ती भांडं देणारी मावशीच असणार. "ताई, तुमी केस काळे करा ना," सोनम म्हणते. "मग बघा, डायरेक्ट मॅडम बोलतील." मला मावशी म्हटल्याचा राग येत नाही. मावशी म्हणून हाक मारणाऱ्याला काहीतरी हवं असतं, आणि बहुतेक वेळा ते देता येण्यासारखं असतं. अकरा नंबरचे पंढरी आजोबा मात्र मला पहिल्या दिवसापासून 'माय' म्हणत होते. ते परभणीकडचे, मुलाकडे आमच्याच करंजाड्यात राहायला आलेले. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. त्यांची बोली ऐकून मला बरं वाटायचं आणि मी त्यांच्याजवळ फार वेळ थांबायचं टाळायचे.

उलघाल हा काही दुर्मिळ शब्द नाही. पुस्तकांतून मी तो कितीदा वाचला असेन. पुस्तकात उलघाल मनाची होते, बहुतेक संध्याकाळी, आणि पान उलटलं की मागे राहते. आईची उलघाल अंगात व्हायची. उन्हाने व्हायची, उपाशीपोटी चहा घेतला की व्हायची, माझा भाऊ अंकुश वेळेवर घरी आला नाही की व्हायची, आणि नव्या इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हाही झाली होती. "उलघाल व्हायली" म्हणत ती पदराने वारा घेई, आणि मी पुस्तकातून डोकं न काढता "पाणी पी" म्हणे. ती पाणी पिई. बहुतेक वेळा तेवढ्याने भागून जाई. आई गेली त्याला एकोणीस महिने झाले. एवढ्या दिवसांत तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. रबाळ्याच्या ज्या वस्तीत आम्ही वाढलो तिथे मराठवाड्यातून आलेली पन्नासेक घरं होती, आणि तिथे नळावर, दारात, विहारात तो दिवसातून दहा वेळा कानावर पडायचा. करंजाड्याच्या सोसायटीत सगळ्यांना टेन्शन येतं.

मीही तेच म्हणाले होते. आई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सगळं नीट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "संघू, लई उलघाल व्हायली बग." मी विचारलं, दुखतंय का? नाही. चक्कर येतेय? नाही. मग काय होतंय? "आता उलघाल म्हंजी उलघाल. काय सांगू." तिची बोटं चादरीची कड चुरगाळत होती. मी सिस्टरला बोलावून आणलं. ते इस्पितळ वेगळं, इथून लांबचं. सिस्टर नवीन होती, भली होती, तिला मराठी येत नव्हतं. "माजी को क्या हो रहा है?" तिने विचारलं. आईला नाही, मला विचारलं. आणि मी म्हणाले, "टेन्शन हो रहा है उनको." एवढंच. हिंदीतला दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता असं नाही. 'बेचैनी' मला आठवला, पण खाली औषधांच्या रांगेत उभी असताना. आणि तेव्हाही मी मनाशी एवढंच म्हणाले की हां, बेचैनी म्हणायला हवं होतं, आणि रांग पुढे सरकली तशी मीही सरकले. त्याआधी सिस्टर हसून आईला म्हणाली होती, "टेन्शन मत लो माजी, परसों छुट्टी." आई तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. तिला हिंदी चांगलं कळत होतं. दीड तासाने ती गेली. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकली, असं डॉक्टरांनी सांगितलं. क्षणात होतं म्हणाले, कुणाच्या हातात नसतं म्हणाले. मी मान डोलावली. क्षण नव्हता तो, दीड तास होता. आणि त्या दीड तासाला आईने नाव दिलेलं होतं.

त्या वेळी मी द्रोणागिरीला एका गोदामात कामाला होते. कंटेनरवरचे नंबर बघून कॉम्प्युटरवर चढवायचे. चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एकटा एक आकडा. तो पडताळणीचा. आधीच्यातलं काही चुकीचं टिपलं तर गणित जुळत नाही आणि पडद्यावर लाल रेघ येते. रंग उडालेला आकडा आठ आहे की तीन, हे ठरवायला मी भर उन्हात आवारात चालत जाऊन कंटेनरच्या पत्र्यावर बोट फिरवून बघत असे. अकरा वर्षं मी ते केलं, आणि नवीन येणाऱ्यांना हेच शिकवलं की समोर आहे ते जसंच्या तसं घ्यायचं, आपला अंदाज मध्ये घालायचा नाही. उलघाल हीही चार अक्षरंच. ती मी बदलून दिली आणि कुठे लाल रेघ आली नाही.

हे मी कुणाला बोलले नव्हते. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी रबाळ्याची सगळी वस्ती आली होती. मुक्ताबाई सुखाने गेली, अंथरुणाला खिळली नाही, पोरीने शेवटपर्यंत केलं, असं बायका म्हणत होत्या, आणि मी पांढऱ्या साडीत बसून त्यांना चहा हवा का विचारत होते. महिन्याभराने मी नर्सिंगचा अर्ज भरला. वयाची अट पस्तीस होती, मला चौतीस चालू होतं. अंकुश हसला. "ताई, आता दोन वेण्या घालून कॉलेजला जाणार काय?" मग दुसऱ्या दिवशी त्यानेच पांढरे बूट आणून दिले, एक नंबर मोठे. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, एवढी वर्षं नोकरी केल्यावर हेच का? मी सेवा म्हणाले. सगळ्याच म्हणतात. मला खरं म्हणजे आईच्या त्या शब्दाचा अर्थ बघायचा होता. शब्दकोशातला मला माहीत होता, मला अंगातला हवा होता. तो कॉलेजच्या चौथ्या महिन्यात मिळाला. वर्गात शिकवताना मॅडम म्हणाल्या, "अस्वस्थपणा हा पेशंटचा स्वभाव समजू नका, ते लक्षण असतं. प्राणवायू कमी पडायला लागला की माणूस आधी अस्वस्थ होतो, बाकीचं मागाहून दिसतं." मी ते वहीत चांगल्या अक्षरात लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. तेव्हापासून गणवेश चढवताना रोज मनात येई की हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या सिस्टरपर्यंत आपल्या आईचा एक शब्द जिला पोचवता आला नाही, तिने कुठल्या तोंडाने इथे यायचं. गोदामातली माझी जागा अजून भरलेली नव्हती. तिथल्या साहेबांचा अधूनमधून फोन यायचा. तो शब्द पुन्हा समोर आला आणि पुन्हा हातून निसटला तर परत जायचं, असं मी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

आणि आता तो समोर होता. आजोबांचं बीपी कालच्यापेक्षा बरंच वर होतं. पंखा चालू असून कपाळावर घाम होता. ते एकदा या कुशीला वळत, एकदा त्या, आणि चादरीची कड बोटांत धरून चुरगाळत. ती बोटं मी ओळखत होते. "कुठं दुखतंय का बाबा?" "दुखत नाई गं. उलघाल व्हायली." बाजूच्या स्टुलावर त्यांची सून रंजिता बसली होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान, मांडीवर डब्याची पिशवी. "काही नाही हो," ती म्हणाली, "टेन्शन घेतलंय त्यांनी. बाजूचे काका काल घरी गेले ना, तेव्हापासून हेच चाललंय. हो ना बाबा? उद्या आपल्यालापण सोडणारेत." आजोबांनी माझ्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"अकरा नंबर काय म्हणतायत?" मधल्या टेबलावरून प्रेमला सिस्टरनी विचारलं. त्या वॉर्डच्या इनचार्ज, अलिबागकडच्या, तीस वर्षं याच कामात. त्यांच्या वॉर्डची एक रीत आहे. फाइलमधल्या नोंदी इंग्रजीत असतात, पण पेशंटला काय होतंय ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहायचं. इंग्रजी ओळींच्या मध्ये 'पोटात गोळा फिरतोय' किंवा 'मुंग्या आल्यासारखं' अशी देवनागरी बसलेली दिसते, रांगेत घुसलेल्या गावच्या माणसासारखी. "तुम्ही पोस्टमन," त्या आम्हाला सांगतात. "पत्र उघडायचं नाही." मी तोंड उघडलं. जिभेवर सगळं तयार होतं. बेचैनी होतं, अस्वस्थता होती, वहीतला इंग्रजी शब्द होता, त्याची सात कारणं होती. एकोणीस महिने मी याचीच तयारी करत होते.

"उलघाल होतेय म्हणतात, सिस्टर."

"उलघाल म्हणजे? मळमळतंय, दम लागतोय, काय?"

"ते माहीत नाही."

सोनमने वळून माझ्याकडे बघितलं. प्रेमला सिस्टरना असं उत्तर कुणी देत नाही.

"माहीत नाही," मी पुन्हा म्हणाले. "ते उलघाल म्हणतायत. तुम्ही येऊन बघा. आत्ता."

त्या उठून आल्या. त्यांनी आजोबांची नखं पाहिली, घड्याळाकडे बघत श्वास मोजले, मग चादर बाजूला करून बेंबीखाली हात ठेवला आणि तिथेच थांबल्या. "हात लाव," त्या मला म्हणाल्या. पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं. "लघवीची पिशवी कुणी रिकामी केली?" "मी, साडेसातला," सोनम म्हणाली. कॉटच्या कडेला टांगलेल्या पिशवीत जेमतेम घोटभर होतं. दीड तास. आम्ही तिघी सकाळपासून त्या पिशवीवरून ये-जा करत होतो. सिस्टरनी पिशवीपासून नळी बोटांनी चाचपत वर जायला सुरुवात केली, आणि कॉटच्या कठड्याशी त्यांचा हात अडला. वर ओढलेल्या कठड्याच्या सांध्यात नळी चिमटली होती. "हा कठडा कुणी वर केला?" "मी केला," रंजिता उभी राहत म्हणाली, "सकाळी आले तेव्हा. पडतील म्हणून." सिस्टरनी कठडा खाली केला, नळीवरची पांढरी घडी दोन बोटांत चोळली, आणि फिकट गुलाबी धार पिशवीत पडायला लागली. आवाज होण्याइतकी जोरात. आजोबांचा चेहरा कपाळापासून खाली सैल होत गेला. त्यांनी चादर सोडली, डोळे मिटले आणि एक लांब हुंकार दिला. बारा नंबरचे गृहस्थ पाय प्लास्टरमध्ये असून उठून बसले. "काय आजोबा, धरणाचे दरवाजे उघडले का?" वॉर्डभर हसू पसरलं. सोनम तर तोंडावर हात धरून वळलीच.

मी हसले नाही. गाठ, फुप्फुस, हृदय, मी कशाकशाला तयार होते, आणि ही नुसती लघवी होती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या मानेतून काहीतरी गरम वर चढलं, आणि मी रंजिताकडे वळून म्हणाले, "तुम्ही टेन्शन का सांगितलंत? ते उलघाल म्हणत होते. दोन वेळा म्हणाले. आपल्या मनात येईल ते सांगायचं का?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. रंजिताने डब्याची पिशवी छातीशी धरली. "मला वाटलं..." ती म्हणाली. मला त्या चेहऱ्याची आतली बाजू माहीत होती.

"संघप्रिया," प्रेमला सिस्टर म्हणाल्या. "इकडे ये."

औषधांच्या खोलीत त्यांनी दार लोटलं. "सुनेवर कशाला ओरडलीस?"

"तिने चुकीचं सांगितलं, सिस्टर."

"सांगू दे ना! ती घरची आहे, घाबरलेली आहे. घरचं माणूस टेन्शन म्हणेल, नजर लागली म्हणेल, काल भात खाल्ला म्हणून झालं म्हणेल. त्यांनी वाट्टेल ते सांगावं. चादर वर करून बघायचं काम तिचं आहे का? गणवेश कुणी घातलाय?"

"आपण."

"मग? दीड तास पिशवी रिकामी, तुला दिसली नाही, सोनमला दिसली नाही, मला दिसली नाही. आणि बोलणी कुणाला, तर ती एक शब्द चुकली म्हणून तिला? काय गं? आणि आता रडतेस काय? एवढं नाही ओरडले मी."

मी रडत असल्याचं मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. "माझी आई उलघाल म्हणायची," मी म्हणाले. "ऑपरेशननंतर म्हणाली होती. मी टेन्शन सांगितलं."

सिस्टर इंजेक्शनच्या बाटल्या ट्रेमध्ये लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "मग?"

"गेली. दीड तासाने."

बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं. मग त्यांनी विचारलं, "चादर वर करून बघितलं होतं कुणी?"

"नाही."

त्यांनी ट्रेवर झाकण ठेवलं. तुझी चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी मान डोलावली असती, डॉक्टरांसमोर डोलावली होती तशी. "तोंड धू," त्या म्हणाल्या. "आणि आधी त्या पोरीला सॉरी म्हण."

बेसिनशी उभं राहून मी पाण्याचे हबके मारले. पाणी टाकीचं, कोमट होतं. ओरडा खाल्ल्यावर लहानपणी जसं वाटायचं तसं वाटत होतं, अंग हलकं आणि कान गरम. आईच्या इस्पितळातल्या त्या नव्या सिस्टरचा मला राग येत नव्हता. तिच्यावरही कुणीतरी असं दार लोटून ओरडायला हवं होतं, एवढंच वाटलं. चादर वर करून बघूनही आई कदाचित राहिली नसती. हा 'कदाचित' इतके दिवस मी जवळ येऊ दिला नव्हता. उलघाल या शब्दाला मी एकच अर्थ लावून ठेवला होता आणि तो आईच्या मरणाचा होता. पण आईने स्वतः तो असा कधी जपून वापरला नव्हता. त्यात तिचं ऊन होतं, उपाशीपोटीचा चहा होता, अंकुशचा उशीर होता, अडकलेली लिफ्ट होती. लिफ्टमधून बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर बसून किती हसली होती ते मला आठवलं. वॉचमनला म्हणाली होती, "आता मी जिन्यानंच चढते बाबा, ही तुमची पेटी तुमाला." ते आठवताना छातीत काही टोचलं नाही. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा ती मला खाटेवर न दिसता पायऱ्यांवर बसलेली दिसली.

रंजिता खिडकीशी पाठ करून उभी होती. मी तिला पाण्याचा ग्लास दिला. "चुकलं माझं," मी म्हणाले. "मी असं बोलायला नको होतं."

"नाही हो, माझंच... मी कठडा लावला, परत टेन्शन पण मीच बोलले. त्यांना काय झालं असतं तर?"

"तुम्ही घरच्या आहात," मी म्हणाले. "तुम्हाला वाटलं ते तुम्ही सांगितलं. बघायचं काम आमचं होतं." वाक्य प्रेमला सिस्टरांचं होतं, पण आवाज माझा होता, आणि तो मला समोरून आल्यासारखा ऐकू आला. रंजिताने ग्लास दोन्ही हातांत धरून पाणी पिऊन टाकलं. "आमच्या सासूबाईपण तेच बोलायच्या, उलघाल," ती जरा वेळाने म्हणाली. "म्हणजे नक्की काय होतं हो?"

"त्यांनाच विचारावं लागतं," मी म्हणाले. "दर वेळी."

टेबलावर फाइल उघडून ठेवलेली होती. सोनमने बाजूला सरकून मला जागा दिली आणि कुजबुजली, "ताई, तुमी बोल्ला ना 'माहीत नाही', माझी तर हवा टाइट झाली." मी वेळ लिहिली, बीपी लिहिलं, नळी चिमटल्याचं, पिशवीत किती आलं ते, सगळं इंग्रजीत. मग अवतरणचिन्ह उघडून देवनागरीत लिहिलं, 'लई उलघाल व्हायली.' ती चार अक्षरं जशीच्या तशी. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती साधी दिसत होती. फाइल घेऊन मी आजोबांच्या कॉटशी गेले. ते शांत पडले होते, बोटं पोटावर एकमेकांत गुंफलेली.

"आता कसं वाटतंय बाबा?"

त्यांनी एक डोळा उघडला. "आता? आता मोकळं वाटायलं माय."

मी फाइल कॉटच्या कडेवर टेकवून तेही लिहिलं, 'आता मोकळं वाटायलं.' अवतरणचिन्ह बंद केलं. खाली सही केली.

"ओ मावशी," बारा नंबरचे गृहस्थ म्हणाले, "जरा इकडे बघता का?"

"आले," मी म्हणाले.